विहिरीत पाना पडला? चुंबक कोणत्या आकाराचं घ्यायचं ते पाहा

मोटर बसवताना पाना विहिरीत गेला की आपण गळ टाकतो, पण गळाला बादली अडकते, पाना नाही अडकत बाप्पा, त्याले चुंबकच पायजे. आता रुंद दिसते म्हणून पातळ चकती उचलू नका. चकती जितकी पातळ तितके तिचे दोन्ही ध्रुव जवळ येतात अन ती स्वतःच स्वतःची ताकद मारते. घरी पातळ चकत्या असन तर दोन-तीन एकावर एक ठेवा, ओढ वाढते, पण थराची उंची रुंदीएवढी झाली की पुढं फारसा फरक नाही, उगाच पैसे.

सगळ्यात कामाचं म्हणजे लोखंडी वाटीत बसवलेलं चुंबक. वाटी मागची ताकद वळवून समोरच्या तोंडावर आणते, नालेच्या आकाराचं पण तसंच, दोन्ही ध्रुव एकाच बाजूनं. पण हा जोर चिकटल्यावरचा हाय, मधात गाळ, गंज नाहीतर रंगाचा थर आला की झटकन उतरते, म्हणून तळाले टेकवून हळूहळू ओढा. गाळ लय असन तर जाड, उंच चुंबक बरं, त्याची ओढ जरा दूरवर पोचते.

जुन्या स्पीकरचं गोल चुंबक पण चालते, फक्त हातोडी मारू नका, ते फेराइट नावाच्या ठिसूळ पदार्थाचं असते, कपबशीसारखं फुटते. अन मोटरच्या लोखंडी पाईपापासून दूर सोडा, नाहीतर पाना राहिला बाजूला, चुंबकच पाईपले चिकटून बसते. पितळेचं काही पडलं असन तर गळच शोधा.