मॅमोग्राफीला जाण्याआधी

मॅमोग्राफी म्हणजे स्तनांचा एक्स-रे; त्यासाठी स्तन यंत्रात दाबून धरतात. तारीख पाळीच्या हिशेबाने घ्या. पाळी येण्याआधीच्या आठवड्यात स्तन जड आणि दुखरे असतात, तेव्हा यंत्राचा दाब नकोसा होतो. पाळी सुरू झाल्यावर सातव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास जाणं बरं. पाळी कायमची गेली असेल तर कुठलाही दिवस चालतो. हाताला गाठ लागत असेल, तर मात्र दिवस मोजत बसू नका. दिवस गेल्याची शंका असेल तर आधीच सांगा.

त्या सकाळी काखेत डिओ, छातीवर पावडर किंवा क्रीम लावू नका. डिओतल्या अ‍ॅल्युमिनियमचे आणि पावडरीचे कण फोटोत पांढरे ठिपके होऊन उमटतात, आणि सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये दिसणारे कॅल्शियमचे बारीक कणही तसेच असतात. मग पुन्हा फोटो आणि नसती धास्ती. चुकून लावलंच, तर तिथे ओल्या कापडाने पुसून घ्या. कमरेच्या वरचे कपडे काढावे लागतात, म्हणून साडी-ब्लाउज किंवा सलवार-कमीज सोयीचं. मंगळसूत्र, चेन काढावीच लागते. घरी ठेवलेली बरी.

आधी तपासणी झाली असेल तर नुसता रिपोर्टचा कागद नको, फिल्म किंवा सीडी न्या. हे सगळ्यात जास्त विसरलं जातं. जुन्या फोटोतही तशीच असलेली सावली बहुधा निरुपद्रवी ठरते. तुलनेला काहीच नसेल, तर तिच्यासाठी कदाचित बायोप्सी, म्हणजे सुई टोचून काढलेल्या तुकड्याची तपासणी, करून घ्यावी लागते.

घराण्यात कुणाला कॅन्सर झाला होता का, हे विचारायला आदल्या रात्री दोन फोन करा. आई, मावशी लक्षात राहतात, आत्या आणि वडिलांची आई राहून जातात; सदोष जनुक वडिलांकडूनही येतं. कुणाला, स्तनाचा की अंडाशयाचा, कितव्या वर्षी, एवढं लिहून घ्या. नुकतीच दंडावर लस घेतली असेल तर तेही सांगा, काखेतल्या गाठी त्यानेही सुजतात.

प्रत्येक बाजूचे सहसा दोन फोटो, दाब काही सेकंदच. स्तन पसरला की आतलं नीट दिसतं आणि किरणही कमी लागतात, म्हणून अंग आखडू नका.

रिपोर्टवर बायरॅड्सचा (BI-RADS) आकडा बघा, तो तपासणीचा निष्कर्ष सांगतो. 0 म्हणजे आणखी फोटो किंवा सोनोग्राफी हवी, कॅन्सर नव्हे. 3 असेल तर साधारण सहा महिन्यांनी पुन्हा, 4 किंवा 5 असेल तर बायोप्सी लांबवू नका. गाठ हाताला लागतेय आणि रिपोर्ट स्वच्छ, असं झालं तर सोनोग्राफी मागून घ्या. दाट स्तनात, म्हणजे चरबी कमी आणि ग्रंथींचा भाग जास्त असलेल्या स्तनात, गाठही पांढरी आणि भोवतालही पांढरं, त्यात ती लपते.