थंड देशातलं पहिलं घर: बिल नेमकं कशाचं येतं

उष्ण प्रदेशात वाढलेल्या माणसाला विजेची बचत म्हटलं की आधी दिवे आणि पंखे आठवतात. खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करायची सवय अंगात मुरलेली असते, आणि ती चांगलीच आहे. पण पहिल्या हिवाळ्याचं बिल हातात पडलं की नव्या मंडळींचे डोळे पांढरे होतात आणि सगळं घर दिव्यांच्या मागे लागतं. म्हणून आधीच सांगते, थंड देशात पैसा जातो तो उष्णतेवर. घर गरम ठेवणं आणि पाणी तापवणं ही दोन खाती सांभाळलीत, तर बाकीचं किरकोळ आहे.

हिशोबच करून बघा. 9 वॅटचा एलईडी दिवा एक युनिट संपवायला 110 तास घेतो. दहा मिनिटांच्या शॉवरला, मिनिटाला 9 लिटर धरले तर, 90 लिटर पाणी लागतं. हिवाळ्यात नळाचं पाणी साधारण 10 अंशांवर धरा. ते 40 अंशांपर्यंत न्यायला तीन युनिटांहून थोडी जास्तच ऊर्जा लागते. तेवढ्यात तो दिवा साडेतीनशे तासांच्या आसपास चालला असता. घरात जुने पिवळे बल्ब असतील तर ते जरूर बदला, कारण एलईडी 9 वॅटमध्ये जेवढा उजेड देतो तेवढ्यासाठी त्यांना 60 वॅट लागतात. पण तेवढं करून थांबू नका. शॉवरची पाच मिनिटं कमी करणं जास्त मोलाचं आहे.

घर भाड्याने घ्यायला जाल तेव्हा भिंतींच्या रंगाआधी खिडक्या बघा. दोन चौरस मीटरची खिडकी घ्या. बाहेर शून्य, आत 20 अंश. एकेरी काच असेल तर त्या एका खिडकीतून दोनशेहून अधिक वॅट उष्णता सतत बाहेर जाते, म्हणजे दिवसाला पाचेक युनिटं. चांगल्या आधुनिक दुहेरी काचेतून जेमतेम पन्नास वॅट जातात. काच कुठली आहे हे ओळखणं सोपं आहे. मोबाइलचा दिवा काचेसमोर धरा आणि तिरपं बघा. प्रत्येक काचेला दोन पृष्ठभाग असतात, म्हणून दुहेरी काचेत चार प्रतिबिंबं दिसतात. त्यातलं एखादं वेगळ्या रंगाचं दिसलं तर काचेवर उष्णता अडवणारा लेप आहे, आणि ती खिडकी चांगली. मग चौकटीच्या कडेने ओला हात फिरवा. फट असेल तिथे गार झुळूक लगेच कळते. फटींना लावायची फोमची पट्टी स्वस्त असते आणि भाडेकरूलाही लावता येते. मात्र गॅसवरचं उपकरण असलेल्या खोलीतली हवेची जाळी कधीही बुजवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, जीव जातो.

मधल्या मजल्यावरचं, दोन्ही बाजूंना शेजार असलेलं घर शेवटच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या घरापेक्षा खूपच कमी ऊर्जेत गरम राहतं. उघड्या भिंती मोजा, आणि मागच्या वर्षीचं बिल मागून घ्या. मागायला संकोच करू नका.

घर गार वाटलं की बहुतेक जण दुकानातून एक हीटर उचलून आणतात. त्यावर कितीही 'ऊर्जा वाचवणारा' असं छापलेलं असू दे, साधा विजेचा हीटर एका युनिटमधून एकाच युनिटची उष्णता देतो. स्वस्त असो वा महाग, यात फरक पडत नाही. 2000 वॅटचा हीटर तासाला दोन युनिटं घेणारच. हीट पंप मात्र बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढून आणतो, म्हणून त्याच एका युनिटमध्ये साधारण तीन युनिटांची ऊब मिळते. घर निवडताना दोन पर्याय समोर असतील तर हा फरक लक्षात ठेवा.

थर्मोस्टॅट म्हणजे खोलीचं तापमान ठरवायचं बटण. त्याबद्दल एक गैरसमज सगळीकडे दिसतो. आकडा 25 वर ठेवला म्हणून खोली लवकर तापत नाही, ती फक्त गरजेपेक्षा जास्त तापते. बाहेर 5 अंश असताना आत 21 ऐवजी 20 ठेवलंत, तर घरातून बाहेर जाणारी उष्णता सोळावा भाग कमी होते, म्हणजे सहा टक्के. पण हट्टाने फार खालीही जाऊ नका. थंडीत घर किमान 18 अंशांवर असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरात तान्हं बाळ किंवा वडीलधारी असतील तर त्याहून थोडं जास्तच. रेडिएटरसमोर, म्हणजे खोली तापवणाऱ्या भिंतीजवळच्या गरम पट्ट्यासमोर, सोफा ठेवू नका, त्यावर पडदा लोंबू देऊ नका. रात्री जाड पडदे ओढा, पण ते रेडिएटरच्या वर संपतील असे.

ओल हा विषय नवख्यांना माहीतच नसतो, आणि त्रास सगळ्यात जास्त तोच देतो. स्वयंपाकाची वाफ, आंघोळ, खोलीत वाळत घातलेले कपडे यांतलं पाणी गार भिंतीवर जाऊन बसतं. मग कपाटामागे काळी बुरशी धरते, मुलांना खोकला लागतो. खिडकी दिवसभर किलकिली ठेवली तर भिंती गार पडतात आणि ऊबही वाया जाते. त्यापेक्षा हीटिंग बंद करून दिवसातून दोन-तीनदा समोरासमोरच्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडा. हवा बदलते, भिंतींची ऊब टिकते. पातेल्यावर झाकण ठेवा, आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा.

उपकरणांत वॉशिंग मशिनची बहुतेक वीज पाणी तापवण्यात जाते, म्हणून रोजचे कपडे 30 अंशांवर धुवा. ड्रायर घ्यायचाच असेल तर हीट पंपवाला घ्या. फ्रिज 5 अंशांच्या आत आणि फ्रीझर उणे 18 वर पुरेसा आहे. गरम पाण्याची टाकी असेल तर ती मात्र 60 अंशांखाली आणू नका. कोमट साठ्यात न्यूमोनिया करणारे लीजिओनेला जिवाणू वाढतात.

आणि किल्ली हातात मिळेल त्याच दिवशी सगळ्या मीटरांचे आकडे दिसतील असे फोटो काढा आणि घरमालकाला व वीज-गॅस कंपनीला लेखी कळवा. नाहीतर आधीच्या भाडेकरूची थकबाकी तुमच्या बिलात चढते, आणि ती उतरवायला महिने जातात.