आल्प्सचं जुनं स्की पोस्टर घेताना आधी बर्फ बघा

आल्प्समधल्या स्कीच्या गावांची जुनी रेल्वे पोस्टरं बघताना नजर आधी शिखरावर जाते, मग लाल स्वेटरवर, मग गावाच्या नावावर. घ्यायच्या विचाराने बघत असाल तर सुरुवात बर्फापासून करा. माझी सगळी नोकरी पुण्यात ऑफसेट छपाईत झाली. आता लेकीमुळे वर्षातले काही महिने जिनिव्हात असते आणि पर्समध्ये भिंग असतंच. या पोस्टरांवरचा बर्फ बऱ्याचदा छापलेला नसतोच, तो कोरा सोडलेला कागद असतो. त्यामुळे कागदाचं वय, डाग, डागडुजी, नक्कल, सगळं तिथेच उघडं पडतं.

ही पोस्टरं आली कुठून ते थोडक्यात सांगते. फ्रेंच आल्प्समधल्या शामोनीला रेल्वे पोहोचली १९०१ मध्ये. हिवाळ्यातही गाड्या भरून जायला हव्यात म्हणून पॅरिस-ल्यों-मेदितेरानी, म्हणजे पीएलएम या फ्रेंच रेल्वे कंपनीने चांगले चित्रकार कामाला लावले. १९२४ च्या शामोनीच्या हिवाळी ऑलिंपिकचं ओग्युस्त मातिसचं गरुडाचं पोस्टर पीएलएमचंच. पुढे रोजे ब्रोदेरने त्यांच्यासाठी जी पोस्टरं केली, ती मला या सगळ्यात सरस वाटतात. सपाट रंग, लांब निळ्या सावल्या आणि फापटपसारा अजिबात नाही. स्वित्झर्लंडमध्ये पायंडा पाडला तो एमिल कार्दिनोच्या १९०८ च्या झेरमाटच्या पोस्टरने. त्यावर मॅटरहॉर्नचं शिखर आणि गावाचं नाव, बाकी जवळजवळ काही नाही.

पहिलं काम टेपचं. स्विस पोस्टरांचं ठरलेलं माप ९०.५ बाय १२८ सेंटीमीटर. ब्रोदेरची बरीचशी पीएलएम पोस्टरं साधारण ६२ बाय १०० च्या आसपास. ५० बाय ७० चा कागद समोर आला तर तो बहुधा आजच्या तयार फ्रेमच्या मापाने काढलेला असतो. माप थोडंसंच कमी भरलं तर कडा कापल्यात का ते बघा, कारण छापखान्याचं नाव तिथेच खाली बारीक अक्षरात असतं. ब्रोदेरच्या बऱ्याच पोस्टरांवर ल्युसियाँ सेर, कार्दिनोच्या झेरमाटवर झुरिकचा वोल्फेन्सबर्गर. एक तारीख लक्षात असू द्या: १ जानेवारी १९३८ ला पीएलएम राष्ट्रीय रेल्वेत, म्हणजे एसएनसीएफमध्ये विलीन झाली. त्यामुळे पीएलएमचं नाव असलेलं पोस्टर कोणी ‘पन्नासच्या दशकातलं’ म्हणून दाखवलं तर तिथेच थांबा.

आता भिंग. दहापट मोठं दाखवणारं पुरतं. ते डोंगराच्या कडेवर नाही, बर्फावरच्या फिक्या निळ्या सावलीवर ठेवा. ही पोस्टरं बहुतेक शिळाछाप. आपल्याकडे रविवर्मा प्रेसमधली देवदेवतांची चित्रं निघाली ती याच पद्धतीने, एकेका रंगाचा वेगळा दगड करून. खऱ्या शिळाछाप पोस्टरात निळा हा निळाच असतो, एकसंध पसरलेला. कडेला जिथे सावली विरते तिथे खडूचा खरखरीतपणा दिसतो, आणि एका रंगावर दुसरा चढतो तिथे कुठे कुठे केसाएवढी रेघ सरकलेली असते. तेच ऑफसेटवर काढलेली नक्कल असेल तर हा निळा भिंगाखाली फुटतो. आकाशी, गुलाबी, पिवळे ठिपके, रांगेत, गोल फुलांसारखे मांडलेले. हे दिसलं की आणखी काही बघायची गरज नाही.

पण ठिपका दिसला म्हणजे नक्कल असंही नाही. दगडावर काम करणारे कारागीर ब्रशने शाई शिंपडून छटा काढत. ते ठिपके लहानमोठे, वेडेवाकडे असतात, त्यांना रांग नसते. शिवाय स्विस डिझायनर हर्बर्ट माटरची १९३४ पासूनची पोस्टरं फोटो जोडून केलेली आणि ग्रॅव्ह्यूरने, म्हणजे बारीक खळगे कोरलेल्या सिलिंडरवरून, छापलेली आहेत. त्यांच्यात बारीक जाळी दिसणारच आणि ती अस्सल असते.

मग खोलीत अंधार करून अतिनील टॉर्च मारा. पांढऱ्या कपड्यांना आपण टिनोपाल घालायचो, त्याच जातीची रसायनं कागदात यायला लागली ती साधारण १९५० च्या सुमाराला. युद्धाआधीचा बर्फ या उजेडात मंद, पिवळट राहतो. निळसर लखलखला तर कागद नंतरचा. पोस्टर कापडावर चढवलेलं असेल तर मागचं कापड चमकू शकतं, म्हणून निकाल फक्त पुढच्या बाजूवर द्या. याच उजेडात नंतर मारलेला पांढरा रंगही वेगळा चट्टा होऊन दिसतो. घड्या आणि भोकं बर्फातच लपवलेली असतात, कारण पांढऱ्यावर पांढरं मारणं सोपं.

घड्यांना मी घाबरत नाही. ही पोस्टरं बऱ्याचदा घडी घालून स्टेशनांना जायची. फ्रेंच पोस्टरावर कराचा शिक्का असेल तर उलट बरंच. तो कर भिंतीवर लावायच्या जाहिरातींवर असायचा, म्हणजे ते खरोखर भिंतीवर लागलं होतं. कापडावर चढवलेलं चालेल, पण मध्ये आम्लरहित कागद आणि गव्हाची खळ हवी. गरम इस्त्रीने बोर्डावर कायमचं चिकटवलेलं पोस्टर मी घेत नाही, ते परत सुटत नाही. दुरून खरेदी करत असाल तर विकणाऱ्याकडून दोन फोटो मागा: पाठीचा, आणि बर्फावर तिरका उजेड टाकून काढलेला. मजकूर झुरिकच्या डिझाईन संग्रहालयाच्या किंवा फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ऑनलाइन प्रतीशी ओळीओळीने ताडून पाहा.

पोस्टर मुंबई-पुण्यात किंवा कोकणात नेणार असाल तर खरी परीक्षा पावसाळ्यात. काच कागदाला टेकता कामा नये, मध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, किंवा पट्टी हवी. काचेऐवजी अतिनील किरण अडवणारं ॲक्रिलिक घाला. फ्रेमवाला मागे हार्डबोर्ड लावायला निघेल, त्याला आधी आम्लरहित बोर्ड लावायला सांगा. पावसाची झड लागते ती बाहेरची भिंत नको, आतली निवडा. आणि कापडावर चढवलेल्या पोस्टरात गव्हाची खळ असते हे विसरू नका, कसरीला ती फार आवडते. फ्रेमच्या मागची चिकटपट्टी दर दिवाळीच्या साफसफाईत तपासा, चिरली असेल तर लगेच बदला.