‘टोल्ड टू हिम’, ‘सजेस्ट मी’: इंग्रजी सर्वनामांच्या या चुका टाळा

आय-मी, ही-हिम, शी-हर, वी-अस, दे-देम. नुसती यादी विचारली तर कुणी चुकत नाही. गडबड होते ती वाक्य बोलताना, आणि बऱ्याचदा तिच्या मुळाशी असतो आपला ‘ला’. (खाली अवतरणात येणारा ‘मी’ इंग्रजीतला आहे, म्हणजे आपला ‘मला’. हा घोळ लिपीचा, त्याला इलाज नाही.)

शाळेतला विभक्तीचा तक्ता आठवा. द्वितीयेला स, ला, ते आणि चतुर्थीलाही स, ला, ते. ‘त्याला पाहिलं’ काय आणि ‘त्याला पैसे दिले’ काय, मराठीचं एकाच प्रत्ययावर भागतं. इंग्रजी शिकताना मात्र ‘ला म्हणजे टू’ हे समीकरण डोक्यात घट्ट बसतं आणि मग ‘आय टोल्ड टू हिम’, ‘आस्क टू हर’ अशी वाक्यं तोंडून निघतात. खरं तर ‘हिम’मध्ये ‘ला’ आलेलाच आहे. जुन्या इंग्रजीत ‘हिम’ हे चतुर्थीचंच रूप होतं. द्वितीयेचं रूप वेगळं होतं, ते पुढे गळून पडलं आणि ‘हिम’ दोन्ही कामं करू लागलं. म्हणजे ‘टोल्ड टू हिम’ हे ‘त्यालाला सांगितलं’ म्हटल्यासारखंच झालं. टेल, आस्क, मीट, इन्फॉर्म, कॉन्टॅक्ट यांच्यापुढे सर्वनाम थेट येतं: ‘आय टोल्ड हिम’, ‘आस्क हर’. फोन करण्याच्या अर्थाने ‘कॉल मी’, ‘कॉल टू मी’ नव्हे.

एवढं अंगवळणी पडलं की उलटी चूक सुरू होते. ‘प्लीज सजेस्ट मी अ गुड हॉटेल’ हे तर आपल्याकडे रोज कानावर पडतं. इथे ‘मी’ काढूनच टाका, ‘प्लीज सजेस्ट अ गुड हॉटेल’ एवढं पुरतं. ‘एक्स्प्लेन मी धिस सम’ऐवजी ‘एक्स्प्लेन धिस सम टू मी’. ‘ही सेड मी’ऐवजी ‘ही टोल्ड मी’. ऑफिसच्या मेलमधल्या ‘रिव्हर्ट मी’च्या जागी साधं ‘रिप्लाय टू मी’. एक ढोबळ खूण सांगता येते. टेल, गिव्ह, सेंड, शो ही रोजच्या वापरातली जुनी क्रियापदं माणसाला थेट जवळ घेतात. एक्स्प्लेन, सजेस्ट, डिस्क्राइब ही लॅटिनकडून आलेली मंडळी ‘टू’ मागतात. पण ‘से’ जुनं असूनही ‘टू’ मागतं, तेव्हा या खुणेवर फार विसंबू नका. क्रियापद सर्वनामासकट पाठ केलेलं बरं: ‘टेल मी’, ‘से टू मी’.

दुसरी मोठी चूक न दिसणारी आहे, कारण तिथे शब्दच गाळलेला असतो. ‘चहा कसा होता?’ ‘आवडला.’ ‘आवडला’मधल्या पुल्लिंगी रूपातच चहा आला, मराठीला वेगळं सर्वनाम लागत नाही. इंग्रजी क्रियापदात लिंग नाही, म्हणून नुसतं ‘येस, आय लाइक्ड’ म्हटलं की ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट पाहत राहतो. ‘आय लाइक्ड इट’ म्हणायला हवं. तसंच ‘प्लीज चेक अँड सेंड बॅक’ नाही, तर ‘प्लीज चेक इट अँड सेंड इट बॅक’. आणि जिथे ‘इट’ नको तिथे आपण नेमकं घालतो: ‘द मोबाइल विच आय बॉट इट’. हा ‘जो… तो’ या जोडीचा प्रताप. ‘विच’ आलं की ‘इट’ला सुट्टी.

‘सेंड इट बॅक’मध्ये ‘इट’ मध्ये कसं बसलंय ते पाहा. ‘स्विच ऑफ द फॅन’ चालतं, ‘स्विच द फॅन ऑफ’ही चालतं, पण सर्वनाम असेल तर ते मधेच बसतं: ‘स्विच इट ऑफ’, ‘पिक मी अप’. रिक्षावाल्याला फोनवर ‘पिक अप मी’ म्हणू नका. ‘वेट फॉर मी’, ‘लुक आफ्टर हिम’ यांना मात्र हा नियम लागू नाही.

एक चूक खास आपल्या सभ्यपणातून येते. साहेबांबद्दल बोलताना ‘त्यांना विचारतो’ हे डोक्यात असतं, म्हणून ‘आय विल आस्क देम’ असं बोललं जातं. समोरच्याला वाटतं, आता अख्खी कमिटी बसणार. इंग्रजीत आदरार्थी बहुवचन नाही, साहेब कितीही मोठे असोत, ‘आय विल आस्क हिम’. बाई असतील तर ‘हर’. यात अपमान नाही. सर, मॅडम ही संबोधनं आदराचं काम करतातच.

‘बिट्वीन यू अँड आय’ ही मात्र जास्त शिकलेल्यांची चूक. ‘आय’ म्हणजे शुद्ध असा समज होऊन बसलाय. ‘शी इन्व्हायटेड माय वाइफ अँड आय’ यातून बायकोला क्षणभर बाजूला काढा, उरतं ‘शी इन्व्हायटेड आय’. लगेच खटकतं ना? मग ‘माय वाइफ अँड मी’. ‘बिट्वीन’, ‘फॉर’, ‘विथ’ यांच्यापुढेही ‘मी’च. या पेचातून सुटायला लोक ‘मायसेल्फ’च्या आडोशाला जातात: ‘प्लीज कॉन्टॅक्ट मायसेल्फ’. तिथेही ‘मी’ लिहा. ओळख करून देतानाचं ‘मायसेल्फ सुनील’ तर कुठल्याच हिशेबात बसत नाही, ‘आय अ‍ॅम सुनील’ म्हणा.

‘टॉलर दॅन मी’ आणि ‘इट्स मी’ यांना मात्र घाबरू नका. जुनी व्याकरणाची पुस्तकं तिथे ‘आय’ सांगत, पण आज शिकलेले इंग्रजही सर्रास ‘मी’ म्हणतात. दार वाजवल्यावर आतून ‘हू इज इट?’ आलं तर ‘इट्स मी’ हेच उत्तर.