पेन्सिल नीट धरायची तर आधी मटार सोला

पहिलीतलं मूल दोन ओळी लिहून "हात दुखतो" म्हणालं, तर तो दर वेळी आळस नसतो. सहाव्या वर्षी मनगटाची हाडं अजून पूर्ण तयार झालेली नसतात, बोटांतली ताकदही कमीच असते. अशा वेळी जास्तीचा गृहपाठ देण्यापेक्षा स्वयंपाकघरात बोलवा. मटार सोलायला द्या, कणकेचा गोळा मळू द्या, कपडे वाळत घालताना चिमटे त्यालाच लावू द्या. चिमटा दाबताना अंगठा आणि पहिली दोन बोटं कामाला लागतात, पेन्सिललाही तीच लागतात. (पसारा होईल, तो होऊ द्या.) पेन्सिल आखूड, बोटभर लांबीची दिली तर पकड सुधारायला मदत होऊ शकते.

शिवाय हात स्थिर राहायला खांदा आणि पाठ भक्कम लागते. ती लोंबकळण्यातून, चढण्यातून येते. लंगडी तर फुकटची कसरत: तोल, पायाची ताकद, दिशा बदलणं सगळं एकात. दोन्ही पायांवर आलटून पालटून खेळायला लावा, मुलं सवयीचाच पाय वापरतात. जागतिक आरोग्य संघटना पाच वर्षांपुढच्या मुलांसाठी रोज सरासरी 60 मिनिटं दमवणारी हालचाल सुचवते. शाळेतला पीटीचा तास त्याला पुरत नाही.