नवीन कॉक्लिअर इम्प्लांट बसवलंय? या चुका टाळा, मी सगळ्या केल्यात

स्विच ऑनच्या दिवशी, म्हणजे ऑपरेशननंतर मशीन पहिल्यांदा चालू केलं तेव्हा, आई माझं नाव घेत होती आणि मला ऐकू येत होतं, टिंग. टिंग-टिंग. तेव्हा मी नववीत होतो. लहानपणापासून लावलेलं कानामागचं श्रवणयंत्र पुरेनासं झालं, म्हणून पुण्यात इम्प्लांटचं ऑपरेशन झालं होतं: कानाच्या आत इलेक्ट्रोडची तार, आणि बाहेर आवाज पकडून आत पाठवणारं मशीन, म्हणजे प्रोसेसर. त्याला आता सात वर्षं झाली. सांगली-मिरजेत कुणाच्या पोराला नवीन मशीन लागलं की त्याचे आईवडील मला गाठतात, आणि दर वेळी प्रश्न तोच असतो: "रोबोट बोलल्यासारखं येतंय, मशीन खराब आहे का?"

नाही. निरोगी कानाच्या आतल्या शंखासारख्या भागात (कॉक्लिआत) आवाज टिपणाऱ्या आतल्या केसपेशी सुमारे 3,500 असतात. आपल्या तारेवर कंपनीप्रमाणे 12 ते 22 इलेक्ट्रोड. एवढ्याशा खिडक्यांतून अख्खी मराठी आत घ्यायची म्हटल्यावर मेंदू पहिले काही आठवडे गोंधळणारच. काही महिने आणि कधी वर्षही लागतं. आठ दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणणाऱ्यांशी मी हल्ली वादच घालत नाही.

मशीन खिशात ठेवणं

ही माझी लाडकी चूक, म्हणून हिच्याबद्दल जरा सविस्तर. शाळेतला गलका मला सोसवायचा नाही. बाकं सरकली की डोक्यात पत्रे वाजायचे. मग मी दुसऱ्या तासालाच कॉइल, म्हणजे चुंबकाने डोक्याला चिकटणारी मशीनची चकती, काढायचो आणि घराच्या कोपऱ्यावर आलो की परत लावायचो. तिसऱ्या मॅपिंगला, म्हणजे मशीनच्या आवाजाची पातळी जुळवायच्या भेटीला, ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) मॅडमनी विचारलं, "किती वेळ वापरतोस?" मी छातीठोक सांगितलं, "दिवसभर." मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. रोजची सरासरी, 3 तास 10 मिनिटं. मशीन डोक्यावर किती वेळ होतं याची नोंद प्रोसेसर स्वतःच ठेवतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शेजारी बाबा बसले होते, रजा टाकून आलेले. परतीच्या कोयना एक्स्प्रेसमध्ये किर्लोस्करवाडी येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. नंतर काय बोलले ते मला कळलं नाही, कारण मशीन खिशात होतं.

त्या दिवसापासूनचा माझा नियम: दात घासले की लावायचं, झोपताना काढायचं. डोकं भणभणलं तर घड्याळ लावून पंधरा मिनिटं सुट्टी, सोळावं नाही. आणि ही सुट्टी गोंगाटात घ्यायची नाही, घरी घ्यायची. ज्या आवाजाला घाबरून मशीन काढता, तो आवाज मेंदू शिकणार तरी कधी?

मोबाईलवरच सराव करणं

ॲप वाईट नसतात. पण हेडफोनमधून थेट आत येणारा गुळगुळीत आवाज आणि कुकरच्या शिट्टीतून येणारी काकू यांत फरक आहे. माझा सराव आजोबांनी करून घेतला. मार्केट यार्डात त्यांची हयात हळदीत गेली. तोंडासमोर पेपर धरून ते राजापुरी हळदीचे भाव वाचायचे आणि मी आकडे लिहायचो. सात आणि साठ, एकोणपन्नास आणि एकोणसाठ. ओठ दिसत नसले की हे आकडे कसे रडवतात ते करून बघा. महिनाभर मी सांगलीची बाजारपेठ रोज बुडवत होतो. दुसऱ्या कानात जुनं श्रवणयंत्र असेल तर सरावापुरतं ते काढून ठेवायचं, अर्थात आपल्या ऑडिओलॉजिस्टना विचारून. नाहीतर सगळं काम जुना कानच करतो आणि नवा नुसता हजेरी लावतो.

कळलं नसताना मान डोलावणं

बहिऱ्या माणसाची ही सर्वांत जुनी सवय, आणि मशीन लागलं म्हणून ती आपोआप जात नाही. कॉइल झाकायला मी केस मानेपर्यंत वाढवले होते. गणपतीच्या आधी आईनं सलूनला पिटाळलं. पाण्याचा फवारा नको म्हणून मशीन काढून ठेवलं. कारागिराने आरशातून काहीतरी विचारलं, मी नेहमीप्रमाणे "हो" केलं. त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा "हो". मग त्याने मशीन फिरवलं, त्याचं. दोन मिनिटांत माझी चकोट झाली. दुसऱ्या दिवशी वर्गात काळी कॉइल लांबून दिसत होती. "टाचणी चिकटते काय रे तिथं?" एवढं एकाने विचारलं. बाकीच्यांना सहामाहीची काळजी होती.

नुसतं "काय?" विचारू नका, लोक तेच वाक्य ओरडून सांगतात. जेवढं कळलं तेवढं बोलून दाखवा: "उद्या क्लास आहे, पण किती वाजता?" समोरचा फक्त वेळ सांगतो. आणि सलूनमध्ये आधी बोलून घ्या, मग मशीन काढा.

आवाज वाढवून मागणं

मोठा आवाज म्हणजे स्पष्ट आवाज नव्हे. पहिल्या काही मॅपिंगमध्ये पातळी पायरीपायरीने चढवतात, त्याला कारण असतं. पायऱ्या गाळायची घाई असलेल्यांनी निदान मॅडमना खोटं सांगू नये.

काही बिघडलं की थेट पुणं गाठणं

एकदा आवाज बुडाला म्हणून आम्ही सव्वादोनशे किलोमीटर गेलो. कॉइलची वायर तुटलेली होती आणि सुटी वायर घरी कपाटात होती. तेव्हापासून रोज सकाळी आई पाठीमागे उभी राहून सहा आवाज काढते: आ, ई, ऊ, म, स, श. एखादा गळाला तर आधी बॅटरी, मग वायर, मग माइकवरची धूळ बघायची. एवढं करूनही तसंच राहिलं तर तिकीट काढायचं.

बारीकसारीक: झिंक-एअर बॅटरीचं स्टिकर काढून मिनिटभर उघडी ठेवा, मग बसवा. पावसाळ्यात मशीन रात्री ड्राय बॉक्समध्येच (ओल शोषणाऱ्या डब्यात). चुंबकाखाली कातडी लाल झाली तर दाखवा, टोपी घालून लपवू नका. एमआरआयचं नाव निघालं की इम्प्लांट आहे हे सर्वांत आधी सांगा.

आणि आवडतं गाणं पहिल्या महिन्यात लावू नका, रडाल. ठेका लवकर कळतो, सूर फार उशिरा. ढोल-ताशा मला पहिल्याच गणपतीत कळला. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत मात्र मी दर वर्षी जातो. पहिल्या वर्षी तंबोरा म्हणजे डब्यात कोंडलेली गांधीलमाशी वाटली होती. यंदा ती डब्याबाहेर आलीय, पण आहे गांधीलमाशीच.