जुनी-नवी गाणी एकत्र बसून ऐकायची तर बैठक कशी जमवायची

घरी चार डोकी जमवून 'आपापली आवडती गाणी ऐकवूया' हा बेत बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासातच फिसकटतो, कारण प्रत्येकाने आणलेलं असतं ते आपल्या वयाचं गाणं. काका बालगंधर्वांपाशी अडलेले, आत्या भावगीतांपाशी, आणि कॉलेजातली पोरं मोबाईलमध्ये तोंड खुपसून आपला नंबर कधी येतोय त्याची वाट बघत बसलेली. मग कोणीतरी शहाणपणा करून म्हणतं की आपण क्रमाने जाऊ, आधी नाट्यसंगीत, मग भावगीत, मग सिनेमा, आणि झालं, बैठकीचा शाळेतला तास होतो. माझं सरळ म्हणणं, काळाप्रमाणे गाणी लावूच नका. जोड्या लावा. एक जुनं, एक नवं, आणि दोघांमध्ये कानाला पकडता येईल असा एक धागा.

सगळ्यात सोपी जोडी म्हणजे तेच पद, दोन काळातलं. 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक १९६७ चं, संगीत अभिषेकीबुवांचं, आणि त्यातलं 'घेई छंद मकरंद' वसंतराव देशपांड्यांचं. त्यावर सिनेमा आला २०१५ साली, त्यात हेच पद शंकर महादेवन आणि राहुल देशपांडे यांच्या आवाजात आहे, आणि राहुल म्हणजे वसंतरावांचा नातू. मी नेहमी सिनेमातलं आधी लावते, पोरांना ते माहीत असतं, मान हलते, आणि मग लगेच वसंतराव. उलटं केलं तर पहिल्या आलापालाच कोणीतरी पाणी प्यायला उठतं. पहिला ऐकवायचा तो ओळखीचा, हे पक्कं डोक्यात ठेवा, मग तो जुना असो की नवा. समोर सगळे सत्तरीचे असतील तर तिथे वसंतराव आधी आणि सिनेमा नंतर.

दुसरी जोडी वाद्यावरून. १९७२ च्या 'पिंजरा'मधली राम कदमांची कुठलीही लावणी घ्या, उषा मंगेशकरांच्या आवाजातली, आणि तिच्या शेजारी अजय-अतुलच्या 'नटरंग'मधलं 'वाजले की बारा', बेला शेंडेचं. सांगायचं एवढंच की फक्त ढोलकीकडे कान द्या. बाकी काही बोलायचं नाही. शब्द, चाल, नाच सगळं बाजूला ठेवून नुसती ढोलकी ऐकली की चाळीसेक वर्षांत काय बदललं आणि काय तस्संच राहिलं ते आपोआप कळतं आणि ज्याला तालातलं काही कळत नाही तोही मांडीवर बोटं वाजवायला लागतो.

तिसरी जरा छुपी जोडी, रागावरून. 'स्वयंवर' नाटकातलं बालगंधर्वांचं 'नाथ हा माझा' आणि बाबूजींचं, म्हणजे सुधीर फडक्यांचं, 'तोच चंद्रमा नभात', दोन्ही यमन. पण आधी यमन म्हणून सांगून टाकू नका हां, त्याने मजा जाते आणि ज्यांना राग कळत नाहीत ते आपोआप मागे सरकून बसतात. दोन्ही ऐकवा आणि विचारा, काही सारखं वाटलं का. हमखास कोणीतरी, बरेचदा स्वयंपाकघरातून बाहेर आलेली व्यक्ती, म्हणते की दोन्ही संध्याकाळची वाटतात. मग सांगा.

आता किती गाणी. प्रत्येकी दोन, फार तर तीन. 'अजून एकच' म्हणणाऱ्याला प्रेमाने गप्प करायला एक माणूस आधीच नेमून ठेवा (आमच्याकडे हे काम आत्याकडे आहे, तिच्यापुढे कोणाचं चालत नाही). पूर्ण गाणं ऐकायचं, मधेच 'पुढे कडवं बघा काय आहे' म्हणून पळवायचं नाही. जुनी गाणी तशीही लहानच असतात, ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटंच मावायची, त्यामुळे नाटकात वन्समोअर घेत लांबणारं पद रेकॉर्डवर आटोपशीर गावं लागायचं. हे सांगितलं की 'एवढं लवकर संपलं?' या प्रश्नाचं उत्तरही मिळतं.

गाणं शोधताना जरा जपून. अ‍ॅपवर नाव टाकलं की पहिलं जे येतं ते मूळ असेलच असं नाही, कव्हर (दुसऱ्याच कोणी गायलेलं) असतं, लोफाय (संथ, धूसर करून टाकलेलं) असतं, नाहीतर मागे ढबढब ढोल घुसवलेला 'झंकार बीट्स' असतो. हिंदीत हे जास्त. गायकाचं नाव बघा, पहिली वीस सेकंद आधी स्वतः ऐका. आणि गाण्याखाली जे साल दिसतं त्यावर अजिबात जाऊ नका, १९६० च्या आसपासच्या गाण्याखाली २००४ लिहिलेलं असतं कारण ती त्या कलेक्शनची तारीख असते, आणि मग कोणीतरी छातीठोकपणे सांगतं की हे गाणं दोन हजारातलं आहे. संगीतकार आणि कवीचं नाव तर अ‍ॅपवर बरेचदा नसतंच, ते आपण कागदावर लिहून आणायचं. मराठी गाण्यात कवीचं नाव न सांगणं मला तरी पटत नाही.

आवाजाचं म्हणाल तर सगळ्यात मोठी भानगड इथेच होते. जुनं रेकॉर्डिंग हळू, मोनो (दोन्हीकडून एकच आवाज येणारं), थोडी खरखर असलेलं, आणि त्याच्या मागून 'सैराट' लावलं की घर हादरतं. 'सैराट'चा ऑर्केस्ट्रा लॉस एंजेलिसला सोनीच्या स्टेजवर रेकॉर्ड झालाय, अख्खा वाद्यवृंद, आणि नव्या गाण्यांचा आवाज मुळातच चढा ठेवलेला असतो. त्याच्या शेजारी १९३० च्या आसपासची तबकडी बिचारी काय करणार. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा ठेवायचा ऑप्शन असतो तो चालू करा, एक गाणं दुसऱ्यात मिसळणारा ऑप्शन बंद करा, ऑटोप्लेही बंद, नाहीतर बालगंधर्व संपले रे संपले की अ‍ॅप स्वतःच्या मनाने कुठलीतरी रिंगटोन लावतं. जुन्या गाण्याला बेस कमी करा, त्यात खाली फारसं काही नसतंच, नुसती घरघर वाढते. आणि स्पीकर कोपऱ्यात जमिनीवर नको, कानाच्या उंचीवर ठेवा.

जुनं गाणं सुरू होताना दोन वाक्यं बोला. दोनच. कोणी 'हे असं फुटकं का वाजतंय' म्हणायच्या आत सांगायचं की अगदी सुरुवातीला माईकच नव्हता, गाणारा भोंग्यात तोंड घालून मोठ्याने गायचा. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गोहरजानचं रेकॉर्डिंग झालं तेव्हा तबकड्या छापायला जर्मनीत जायच्या, तिथल्या माणसाला कोण गातंय ते कळावं म्हणून ती शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायची, 'माय नेम इज गोहरजान'. हे आधी सांगून मग लावा, पोरं शेवटच्या त्या ओळीची वाट बघत अख्खं गाणं ऐकतात, मी हे प्रत्यक्ष बघितलंय.

काही गोष्टी मात्र गाणं संपल्यावरच सांगायच्या. 'ऐरणीच्या देवा तुला' ऐकवा, सगळे गुणगुणतील, आणि मग विचारा संगीतकार कोण. कोणीतरी आनंदघन म्हणेल. आनंदघन कोण? लताबाई स्वतःच, त्या नावाने त्या चाली द्यायच्या. आधी सांगितलं असतं तर माहिती झाली असती, नंतर सांगितल्यावर लगेच 'परत लाव परत लाव' होतं. 'गीतरामायणा'चं उलटं आहे, तिथे आधी सांगा. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक नवं गाणं, वर्षभर, आणि त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून ५२ ची ५६ झाली. आठवडाभर पुढच्या एपिसोडची वाट बघणं आजच्या पोरांना बरोबर कळतं.

कोणाकडे खरी तबकडी, ग्रामोफोन किंवा कॅसेट असेल तर सोन्याहून पिवळं, पण सांभाळून. ७८ च्या तबकड्या लाखेच्या, हातातून पडली की तुकडे, आणि पुसायला स्पिरिट किंवा सॅनिटायझर चुकूनही नको कारण लाख त्यात विरघळते. मऊ सुका कपडा, बस. एलपीच्या पिनने ७८ वाजवू नका, ७८ ची खाच रुंद असते, वेगळी पिन लागते. चावीचा जुना ग्रामोफोन असेल तर स्टीलची पिन प्रत्येक बाजूला नवी, काटकसर केलीत तर तबकडी खरवडली जाते. कॅसेटला उलट, टेपचं हेड इअरबडला थोडं स्पिरिट लावून पुसून घ्या, आणि कॅसेट बरीच वर्षं पडून असेल तर लावायच्या आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्या. पेन्सिल जवळ ठेवा, तिचा उपयोग माहीत असणारे आणि नसणारे असे दोन गट लगेच पडतात तो वेगळाच टाइमपास.

न्यू जर्सीतला भाचा व्हिडिओ कॉलवर येणार असेल तर स्पीकरचा आवाज फोनच्या माईकमधून पाठवू नका, ती अ‍ॅप्स गाण्याला गोंगाट समजून कापतात आणि तिकडे तंबोरा गायबच होतो. लॅपटॉपवरून कॉल लावा आणि शेअर करताना कॉम्प्युटरचा आवाज शेअर करायची खूण करा, झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' म्हणून सेटिंग आहे तेही चालू ठेवा. नाहीतर सरळ लिंक पाठवून दोन्हीकडे एकदम प्ले दाबायचं, सेकंदभर मागेपुढे झालं तर काय बिघडत नाही, फक्त त्याला म्यूट राहायला सांगा.

लहान मुलं असतील तर 'नाच रे मोरा' लवकर लावून टाका, १९५३ चं आहे आणि पु.लं.ची चाल आहे हे आईबापांना सांगा, मुलांना नाचू द्या. त्यांना हाकलून शांतता करायची आणि मग 'पुढची पिढी ऐकत नाही' म्हणायचं, याला काही अर्थ नाही.

ऐकताना समोरचा गप्प असेल तर 'आवडलं का, आवडलं का' करू नका. आणि त्याचं गाणं तुम्हाला नाही आवडलं तर तोंड वाकडं न करता त्यात काय आवडतं ते विचारा, रॅपमध्ये पोरगं शब्दांच्या जागा कुठे पडतात ते सांगायला लागलं की आमचे काका हळूच 'लावणीत पण असंच असतं' म्हणतात आणि तिथून पुढचा अर्धा तास मला काही करावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी यादी ग्रुपवर टाका, गाणं, गायक, संगीतकार, कवी, साल, एकाच मेसेजमध्ये, रात्री दोन वाजता एकामागे एक चाळीस लिंका नकोत. आणि 'झिंगाट' लावणारच असाल तर रात्री नऊच्या आत उरका, दहा वाजता खालचे जोशी काका वर येतात.